तहकुबीचे वर्ष

ज्यांची उमेद मुलकी खात्याच्या दप्तरात खर्ची पडली आहे, त्यांच्या मनात सरकार या संस्थेविषयी फारशी कोमल भावना उरत नाही. तरीदेखील त्या खात्याच्या जुन्या नियमांपैकी एक नियम असा आहे की, तो रचणाऱ्या कोणा अनाम अधिकाऱ्याच्या ठायी घटकाभर का होईना पण मनुष्यजातीविषयीचे काही खोल शहाणपण जागे झाले असले पाहिजे, असे मला सेवेच्या आरंभापासून वाटत आलेले आहे. हा नियम तहकुबीचा. मुंबई इलाख्याच्या काळापासून चालत आलेल्या रीतीप्रमाणे गावचे पीक सोळा आण्यांच्या मानाने किती उतरले याचा अंदाज बांधावयाचा, आणि ते चार आणे किंवा त्याहून कमी भरले तर त्या वर्षाचा शेतसारा सबंध तहकूब करावयाचा. चार आण्यांच्या वर परंतु सहा आण्यांच्या आत भरले तर निम्मा तहकूब करावयाचा. सारा माफ होत नसे, नुसता थांबे. पुढे सुगी बरी आली म्हणजे तो सवडीने वसूल होई, आणि लागोपाठ वर्षे बुडत गेली तर त्यातील काही भागाला अखेर सूटही मिळे. १९५७ साली दशमान नाणी आली आणि पुढे कागदोपत्री आणेवारीची पैसेवारी झाली. परंतु कचेरीतल्या जिभांना आणेवारीच रुचत राहिली. या सर्व व्यवहारातील मला भावलेली गोष्ट अशी की, तहकुबीचा हुकूम निघाला म्हणून खातेदाराला कोणी आळशी ठरवीत नसे, जमिनीला कोणी नालायक ठरवीत नसे, आणि ‘पाऊस नसला तरी निदान जिद्दीच्या बळावर पीक यावयास हवे होते’ असा शेरा मारण्याइतका निर्बुद्ध कारकून मी सबंध नोकरीत एकही पाहिला नाही. असला शेरा आपण मारतो तो फक्त स्वतःवर.

मी नोकरीस लागलो तो सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या कचेरीत, आणि कारकुनी धड अंगवळणी पडते न पडते तोच १९७२ चा दुष्काळ येऊन ठेपला. तो मुलूख रब्बीचा. मृगाने हुलकावणी दिली तरी तिकडचा माणूस लगेच धीर सोडीत नाही. उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रे बरसली की काळ्या रानात शाळू पेरावयाचा आणि फाल्गुनापर्यंत आभाळाकडे पुन्हा पाहावयाचे नाही, असा त्याचा पिढीजात हिशेब. आधीची दोन वर्षे अपुऱ्या पावसाची गेली होतीच. त्या साली हस्तही कोरडा गेला, आणि हिशेब मुळातच मोडला. विहिरींनी तळ दाखविला, जनावरे कवडीमोलाने बाजारात उभी राहिली, आणि जो तो दुष्काळी कामाची वाट धरू लागला. मे १९७३ च्या सुमारास सबंध महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि रस्त्यांसाठी फोडावयाची खडी, हीच त्या वर्षाची पिके. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी ही नावे ज्यांच्या कानावर त्या वयात पडली, त्यांच्या तोंडाला ती चव आजही स्मरणाने येते.

कचेरीतल्या आम्हां कारकुनांच्या वाट्याला जे आले ते याच दुष्काळाचे कागदी अंग होय. जितकी कामे तितके हजेरीपट, जितके हजेरीपट तितक्या गोषवाऱ्यांच्या बेरजा. दर आठवड्याला जिल्ह्याकडे जावयाचे पत्रक, ते वेळेवर न गेल्यास येणारी तार, तारेचा खुलासा, आणि खुलासा असमाधानकारक वाटल्यास त्याविषयीचा दुसरा खुलासा. यांखेरीज तगाईचे अर्ज, टँकरच्या खेपांचा हिशेब, जनावरांच्या छावण्यांच्या कडब्याच्या पावत्या. पगारवाटपाच्या दिवशी जीपमध्ये लोखंडी पेटी घेऊन आम्ही कामावर जात असू. दिवसाची मजुरी दोन-तीन रुपयांच्या आसपास, त्यामुळे सुट्ट्या पैशांची चणचण कायमची. शाईच्या पॅडवर उमटणाऱ्या अंगठ्यांची रांग माळावर दूरवर गेलेली, आणि खडीने सोललेल्या बोटांचा ठसा उठेना म्हणून मुकादम पुनःपुन्हा एखाद्या बाईचा हात पुसतो आहे, हे दृश्य इतक्यांदा पाहिले की पुढे माझ्या स्वप्नातदेखील माणसांना चेहरे नसत, अंगठे असत. रात्री परत आल्यावर कंदिलाच्या उजेडात तेच पट पुन्हा तपासावयाचे, कारण दहा पैशांचा फरक निघाला तर सकाळी तो कोणाच्या तरी पदरातून भरून द्यावा लागे.

अशा दिवसांत माणसांच्या मनाला एक चमत्कारिक वळण लागते, आणि ते मी स्वतःच्या व सोबत्यांच्या ठिकाणी जवळून पाहिले. थकव्याचीच स्पर्धा सुरू होते. कोण किती वाजेपर्यंत बसला, कोणी किती रविवार घर पाहिले नाही, कोण टेबलावरच झोपला, या गोष्टी आम्ही तक्रारीच्या सुरात परंतु आतून पदकासारख्या मिरवीत असू. यात निव्वळ बढाई होती असे मी म्हणणार नाही. तिच्या तळाशी एक खरीखुरी लाज होती. बाहेर वैशाखाच्या उन्हात पोटुशी बाई पाटी वाहते आहे आणि आपण सावलीत बसून डोके दुखते म्हणतो, या विचाराने जेवणाचा घास कडू होई. दुसऱ्याचे दुःख आपल्याहून मोठे असले म्हणजे आपल्याला थकण्याचा अधिकारच उरत नाही, अशी ती समजूत. वरवर ती मोठी सात्त्विक दिसते. पण तिच्यामुळे त्या बाईची पाटी रतिभरही हलकी होत नाही, आणि रात्री बारानंतर केलेल्या बेरजेत तिचीच मजुरी चुकण्याचा संभव मात्र वाढतो, हे आमच्यापैकी फक्त एका माणसाला उमगलेले होते.

ते आमचे अव्वल कारकून. सारी कचेरी त्यांना अण्णा म्हणे. मूळचे मंगळवेढ्याकडचे, निवृत्तीला आलेले, कृश अंगाचे, आणि मोत्याच्या दाण्यासारख्या अक्षराबद्दल उभ्या जिल्ह्यात विख्यात. त्यांनी लिहिलेला मसुदा टंकलेखकाकडे देण्याची रावसाहेबांना लाज वाटे. कचेरीच्या अभिलेख-कक्षात लाल रुमालांत बांधलेली जुनी दप्तरे होती. त्यांची गाववार, विषयवार यादी करण्याचे काम अण्णांनी कोणाच्याही हुकुमावाचून, निव्वळ हौसेने, कित्येक वर्षांपूर्वी आरंभिले होते, आणि रोज सायंकाळी तासभर ते त्यातच रमलेले असत. दुष्काळ जाहीर झाल्यावर अण्णांनी पहिली गोष्ट केली ती ही, की यादीची वही दोरीने बांधून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. दुसरी गोष्ट याहून आश्चर्याची. त्यांनी आपले अक्षर बिघडविले. म्हणजे असे की, टोकदार टाक बाजूला सारून ते साध्या पेन्सिलीने, वेलांट्यांचा फारसा मुलाहिजा न ठेवता, केवळ वाचता येईल इतपत लिहू लागले. मी एकदा धीर करून विचारले, तेव्हा म्हणाले, “दुष्काळात शोभेच्या बागेला पाणी घालायचं नसतं. कलेक्टरांना आकडा हवाय. आकडा कळतोय ना?”

त्यानंतर एके दिवशी त्यांनी मला समोर बसवून कोऱ्या कागदाचे दोन भाग केले. एकीकडे लिहिले ते एवढेच: पगारवाटप, पाण्याच्या खेपा, आजारी मजुरांची वर्दी. यांत एका दिवसाचीही कसूर चालावयाची नाही. दुसरीकडची यादी पानभर होती: किरकोळ अर्जांची पोच, नोंदवह्यांच्या स्वच्छ प्रती, मागील वर्षाच्या तपासणीतील शेऱ्यांचे अनुपालन, आणि अशाच कितीतरी बाबी, ज्यांवाचून कचेरी कोसळेल असे मला तोपर्यंत वाटत होते. त्या यादीच्या शेवटी त्यांनी आणखी दोन कलमे घातली, आणि ती वाचून मला हसू आले. एक कलम होते ‘हुशारी’, आणि दुसरे ‘चांगले म्हणवून घेणे’. “हे सगळं तहकूब,” अण्णा म्हणाले. “माफ नाही हं. पाऊस पडला की बघू.” दुपारी जेवणानंतर ते कचेरीच्या मागच्या पडवीत सतरंजी टाकून अर्धा-पाऊण तास चक्क झोपत, आणि त्या वेळात जिल्ह्याची तार आली तरी शिपायाने उठवावयाचे नाही, परंतु कामावरून मजूर आला तर मात्र तत्काळ उठवावयाचे, असा त्यांचा दंडक होता. तरुण कारकुनांना हे अवघड वाटे. एकाने तर तोंडावर म्हटलेदेखील की, लोक मरताहेत आणि आपण झोपावे हे शोभत नाही. तेव्हा अण्णांनी दिलेले उत्तर मी विसरलेलो नाही. “आमच्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडली, हे कीर्तनात सगळे ऐकतात. पण त्या दिवसांत पंत स्वतः दोन घास जेवत होते की नाही, हे कोणी बुवांना विचारत नाही. जेवत असले पाहिजेत. नाहीतर कोठाराची किल्ली फिरवायला हात उठला नसता.”

दामाजीपंतांच्या कथेत शेवटी विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बिदरला जाऊन धान्याची किंमत चुकती करतो. अण्णांचा त्या भागावर विश्वास होता की नाही हे मी सांगू शकत नाही. पण आपल्या वतीने रक्कम भरावयास कोणी येणार आहे या भरवशावर त्यांनी एकही दिवस काढला नाही, आणि पगारवाटपाचा एकही दिवस त्यांच्या हातून हुकला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मृदुत्व आणि ढिलाई यांतला भेद मला पुस्तकांतून कधी नीट समजला नव्हता. तो त्या दुभागलेल्या कागदावर समजला.

या देशातील दुष्काळांच्या इतिहासात कठोर मापाची परंपराही आहे, आणि ती विसरून केवळ तहकुबीचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८७६-७८ च्या महादुष्काळात सरकारचे प्रतिनिधी म्हणून आलेले सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरच्या मजुराला दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर जगवावे असे ठरविले. दिवसभर माती खणणाऱ्या शरीराला ते पुरत नाही हे सांगावयास वैद्याची गरज नव्हती. आपल्याकडे मजुरांनी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारदरबारी मांडली, आणि टेंपलसाहेब त्याच सुमारास मुंबईचे गव्हर्नरही झाले. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर जी संहितेची घडी बसली, तीत माणसाच्या कुवतीप्रमाणे कामाचे माप धरण्याचा विचार थोडा तरी शिरला. मला पुष्कळदा वाटते की, आपल्या प्रत्येकाच्या मनाच्या कचेरीत एक टेंपलसाहेब मुक्काम ठोकून असतो. तो आपल्याला उपाशी मारीत नाही, कारण तसे केले तर काम कोण करणार. तो फक्त किमान किती दिले म्हणजे हा माणूस उभा राहील याचा सतत अदमास घेत असतो, आणि तो अदमास नेहमी थोडा कमीच निघतो.

तथापि जी माणसे खरोखर माळावर उभी होती त्यांनी हा प्रश्न आमच्याहून अधिक सहजपणे सोडविला होता असे मला दिसून आले. खोदाईचे माप टोळीचे धरले जाई. त्यामुळे एखादी ओली बाळंतीण टोळीत असली की बाकीच्या बाया तिला पाणी पाजण्याच्या किंवा झोळीतली पोरे सांभाळण्याच्या कामावर बसवीत आणि तिच्या वाट्याची माती आपसांत वाटून घेत. मुकादम कुरकुरे, पण मापात माती भरत असल्यामुळे त्याला बोलावयास जागा नसे. ऊन डोक्यावर आले की त्या निंबाच्या किंवा ताडपत्रीच्या सावलीत आडव्या होत, आणि त्यात त्यांना कसलाही अपराध वाटत नसे. त्यांच्यापैकी एका म्हातारीने मला उभ्या उभ्या विचारले होते, “भाऊसाब, तुमी कवा टेकताय?” मी काहीतरी हसण्यावारी नेले. तिने पुन्हा विचारले नाही. सुकडीचा आपल्या वाट्यातला मूठभर भाग कागदावर काढून माझ्या हातात दिला आणि पदर तोंडावर ओढून झोपी गेली. शिकल्यासवरलेल्या माणसाला जी दया स्वतःकडून मिळत नाही ती पुष्कळदा अशी बाहेरून, आणि तीही ज्यांच्याकडून घेण्याचा आपल्याला हक्क नाही अशांकडून, घ्यावी लागते.

१९७३ चा पावसाळा चांगला झाला. कामांवरची गर्दी ओसरली, तारा थांबल्या, आणि सर्वांचे चेहरे उजळले, तेव्हा माझे मात्र विपरीत झाले. ऐन धांदलीत जो हात चालला होता तो आता चालेना. तीन आकड्यांची बेरीज समोर असावी आणि ते आकडे नुसते आकडेच राहावेत, त्यांची बेरीज होऊच नये, असे होऊ लागले. ज्वर नाही, खोकला नाही. डॉक्टरांनी नाडी पाहून शक्तीचे औषध दिले, त्याने फक्त जीभ लाल झाली. हा प्रकार संकटात न होता संकट टळल्यावर का व्हावा, हे मला तेव्हा कोडेच होते. पुढे पुष्कळांच्या बाबतीत मी तसेच घडताना पाहिले, आणि संकटाच्या दिवसांत शरीर जे उसने देते त्याची मागणी ते दार वाजवून, परंतु आपल्या सोयीच्या वेळी, करते असा माझा ग्रह झाला. अण्णांनी रजेचा अर्ज स्वतःच लिहून माझ्यापुढे सहीला ठेवला. आता त्यांचे अक्षर पुन्हा पूर्ववत झाले होते.

मी गावी जाऊन आईच्या घरी नुसता पडून राहिलो. वडिलांना ते रुचेना. नोकरीतला मुलगा ऐन कामाच्या दिवसांत अंथरुणावर लोळतो आहे, निदान दावणीची जनावरे तरी पाण्यावर न्यावीत, असे ते जाता-येता सुचवीत. आई एकदाच बोलली: “पडू दे त्याला. भेगाळलेलं रान पहिला पाऊस नुसता पितंच की. वर हिरवं दिसायला वेळ लागतो.” वडील जन्माचे शेतकरी, हा युक्तिवाद त्यांना खोडता आला नाही. त्या रजेत मी काय केले असे कोणी विचारल्यास मला सांगण्यासारखे काही नाही. वाचन केले नाही, आत्मचिंतन केले नाही, कोणताही मोठा साक्षात्कार झाला नाही. भूक हळूहळू परत आली, आणि एके दिवशी ओसरीवर शेजाऱ्याच्या पोराच्या पाटीवरील बेरीज मी न ठरविता मनात करून मोकळा झालो, तेव्हा रजा संपवावयास हरकत नाही असे समजलो.

हे सर्व पुन्हा आठवण्याचे निमित्त २०२० सालाने दिले. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले, आणि २५ मार्चपासून सबंध देशाला टाळे लागले. माझी मुलगी पुण्यातच एका संगणकाच्या कंपनीत नोकरीस. दोन खोल्यांत तिचे कार्यालय, तिच्या नवऱ्याचे कार्यालय, नातवाची शाळा, आणि मोलकरीण येत नसल्यामुळे भांड्यांचा ढीग, असा तो संसार. ती मला रोज रात्री दूरध्वनी करी, आणि तिच्या बोलण्यात ‘दिवस वाया चाललेत, बाबा’ हे पालुपद असे. मला प्रथम वाटले, ती आजाराच्या धास्तीने बोलते आहे. मग ध्यानात आले की तिची खंत निराळीच आहे. तिच्या ओळखीच्या मंडळींपैकी कोणी परकी भाषा शिकत होते, कोणी घरी पाव भाजत होते, कोणी व्यायामाने पोट आत घेतले होते. आणि कोणा उत्साही गृहस्थाने सर्वांना असा संदेश धाडला होता की, प्लेगच्या सुट्टीत न्यूटनने गुरुत्वाकर्षण शोधून काढले, तुम्ही काय केले?

मला वेळ भरपूर होता; मी त्या न्यूटनची चौकशी केली. १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज बंद पडले आणि तो वूल्स्थॉर्पला आपल्या घरी गेला, हे खरे. त्या काळात त्याने प्रकाश, गणित आणि गुरुत्व यांवर विलक्षण विचार केला, हेही खरे. परंतु तो तेव्हा तेविशीच्या आतबाहेरचा अविवाहित तरुण होता, घर जमीनदारीचे होते, आणि भांडी त्याला घासावी लागत असतील असे मानण्यास आधार दिसत नाही. शिवाय ज्या ग्रंथाने त्याचे गुरुत्वाकर्षण जगापुढे आले तो ‘प्रिन्सिपिया’ १६८७ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे मध्ये वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. हे मी मुलीला सांगितले तेव्हा ती बऱ्याच दिवसांनी मनापासून हसली, आणि म्हणाली, “म्हणजे त्याचं पीकसुद्धा त्याच वर्षी नाही आलं!” मग मी तिला अण्णांच्या त्या दुभागलेल्या कागदाची हकीकत सांगितली. “बाबा, मग माझी आणेवारी तुम्हीच काढा,” ती म्हणाली. मी म्हटले, “आणेवारी लांबून काढता येत नाही, बांधावर उभं राहावं लागतं. तूच काढ, मी फक्त सही करतो.” तिने काढली, तीन आणे निघाली. डाव्या बाजूला तिने दोन वेळचे अन्न, मुलाची झोप, आणि कंपनीतले ज्यावाचून दुसऱ्या कोणाचे अडेल तेवढेच काम लिहिले. जर्मन भाषेचा वर्ग आणि पांढऱ्या भिंतींना द्यावयाचा रंग उजव्या बाजूला गेला. ‘आदर्श आई’ हेही एक कलम तिने आपण होऊन उजवीकडे घातले, हे ऐकून मला अण्णांची फार आठवण झाली.

मात्र तिचा एक आक्षेप असा होता की, त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ती म्हणाली, “तुमच्या अण्णांना कोणी काढून टाकणार नव्हतं. मी अक्षर बिघडवलं तर वर्षअखेरीच्या मूल्यमापनात माझं नाव खाली जाईल.” हे खरे आहे. सरकारी नोकराच्या स्वतःवरील दयेला पेन्शनीचा टेकू असतो. रोजंदारीच्या माणसाला, किंवा ज्याची नोकरी दर वर्षी नव्याने सिद्ध करावी लागते अशाला, तहकुबीचा हुकूम कोणी काढून देत नाही, आणि त्याने तो स्वतःच काढला तर त्याचा भुर्दंड त्यालाच पडतो. म्हणून ‘स्वतःशी मायेने वागा’ असा उपदेश सरसकट करणाऱ्यांचा मला राग येतो. तहकुबी सरकारने द्यावयाची असते; खातेदाराने आपल्या मनाने सारा थकविला तर त्याच्या घरावर जप्ती येते. जिथे वरून हुकूम निघत नाही, तिथे माणसाच्या हाती एवढेच राहते की, साऱ्याची रक्कम भरावी, पण त्याबरोबर स्वतःचा धिक्कार करण्याची जी वरकड पट्टी आपण आपखुशीने भरीत असतो, ती तरी बंद करावी.

अलीकडे विश्रांतीचाही पुष्कळ उदो उदो होतो, पण तो ऐकताना माझा मुलकी कान टवकारतो. विश्रांती घ्या म्हणजे दुसऱ्या दिवशी काम दुप्पट होईल, मन शांत ठेवा म्हणजे कल्पना अधिक सुचतील, असे त्याचे स्वरूप. ही तहकुबी नसून तगाई आहे; आज दिलेले उद्या व्याजासह वसूल करण्याचा करार तीत गृहीत असतो. सरकारी तहकुबीच्या मुळाशी तरी शुद्ध करुणा होती काय, असे कोणी विचारील, तर नव्हती हे मी कबूल करतो. कुणबी परागंदा झाला तर पुढच्या साऱ्याचे काय, ही चिंता त्या नियमाच्या पाठीशी निश्चित होती. परंतु नियमाचा हेतू काहीही असो, दुष्काळात कुणब्याच्या दाराशी शिपाई येत नसे, आणि त्या न येण्याने त्याला जे लाभे ते हेतूंची चिकित्सा करीत बसणाऱ्यांना कळावयाचे नाही.

अण्णा निवृत्त झाले ते दुष्काळानंतर फार काळ गेला नव्हता तेव्हा. पाऊस पडल्यावर तहकूब कामांपैकी बरीचशी त्यांनी एकेक करून हाती घेतली, काही रावसाहेबांच्या संमतीने निकाली काढली, आणि काही अशी निघाली की मधल्या काळात त्यांची आठवण कोणालाही झाली नव्हती. जुन्या दप्तरांची यादी मात्र त्यांनी वरच्या फळीवरून खाली काढली ती फक्त कार्यभार सोपविण्याच्या दिवशी. सोपवणुकीच्या पत्रकात त्या वहीसमोर त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात ‘काम अपूर्ण’ असे लिहिले, सही केली, आणि वही माझ्यासमक्ष नव्या अव्वल कारकुनांच्या हवाली केली. त्यांनी ती चाळून पाहिली, अक्षराची तारीफ केली, आणि पुन्हा कपाटात ठेवली. त्यांच्यापुढे नकलांच्या तुंबलेल्या अर्जांचा निपटारा करण्याचे काम होते.